शुश्रूषेचा हिशेब : प्रश्नावलीतला शेवटचा रकाना तुम्ही कसा भरला असता?

निशिगंध | रविवार, रात्री ९.२०

माझ्या आईला पार्किन्सन्स होऊन सात वर्षे झाली. आम्ही आंबेगाव बुद्रुकला राहतो. गेल्या आठवड्यात न्यूरोलॉजीच्या ओपीडीत नंबराची वाट पाहत बसलो असताना एका संशोधक विद्यार्थिनीने माझ्या हातात चार पानी प्रश्नावली दिली. मेंदूच्या दीर्घकाळ चालणाऱ्या आजारांचा कुटुंबावर किती आर्थिक भार पडतो, याचा ती अभ्यास करते आहे. तिने संमतिपत्र मराठीतून वाचून दाखवले, आमचे नाव कुठेही छापले जाणार नाही हे नीट समजावले आणि घरी नेऊन सावकाश भरा, असे सांगितले.

पहिली तीन पाने मी त्याच रात्री भरली, कारण आमच्या घरी सगळे कालनिर्णयच्या चौकटींत लिहिलेले असते : गोळ्यांच्या वेळा, आई कधी पडली, कोणत्या दिवशी किती वेळ 'ऑफ' होती (म्हणजे गोळीचा असर उतरून अंग आखडले होते), मावशींचा खाडा कधी झाला. बेरीज केली तेव्हा गोळ्या महिन्याला ३,४०० रुपये, आठवड्यातून दोनदा घरी येणाऱ्या फिजिओथेरपिस्टचे ४,८००, ब्यूरोमार्फत येणाऱ्या दिवसपाळीच्या मावशींचे २१,००० आणि रिक्षा व तपासणी फी मिळून सरासरी १,४०० रुपये आले. ज्याला आपण इतकी वर्षे 'औषधपाण्याचा खर्च' म्हणत आलो, त्यात औषधाचा वाटा जेमतेम नवव्या हिश्श्याएवढा निघाला.

मी अडले ती चौथ्या पानावर. तिथे विचारले आहे : 'शुश्रूषेसाठी घरातील व्यक्तींनी दिलेला वेळ (रोजचे तास) आणि त्याचे अंदाजे मूल्य (रुपये)'. मी चार वर्षांपूर्वी नोकरी सोडली. सकाळी सहाची गोळी दिल्यावर ती लागू पडेपर्यंत पाऊण तास मी आईजवळ बसते. मग आम्ही न्हाणीघराकडे निघतो आणि उंबऱ्याशी पोचताच तिचे पाय फरशीला खिळल्यासारखे थांबतात. उंबऱ्याच्या अलीकडे मी पिवळ्या चिकटपट्टीच्या तीन आडव्या रेघा मारल्या आहेत, त्या रेघांवर पाऊल टाकायला सांगितले की बहुतेक वेळा पाय सुटतो. कधी दोन मिनिटे लागतात, कधी वीस. रात्री तिला कुशीवर वळवायला मी तीनदा उठते. यातले 'तास' कोणते धरायचे आणि त्यांना भाव कोणता लावायचा? आपल्यापैकी ज्यांच्या घरी पक्षाघात, फिट्स, स्मृतिभ्रंश किंवा असा दुसरा आजार आहे, त्यांनी हा रकाना कसा भरला असता, हे मला मनापासून जाणून घ्यायचे आहे.

वेताळटेकडी | रविवार, रात्री ९.४८

आमच्या वडिलांच्या वेळी अशाच एका पाहणीत माझ्या मोठ्या भावाने त्या रकान्यात 'शून्य' लिहिले होते. पैसे कोणालाच दिले नव्हते, म्हणून त्याला ते खरेच वाटले. वहिनी शेजारीच उभ्या होत्या, त्या काहीही बोलल्या नाहीत.

लेखापाल_७१ | रविवार, रात्री १०.३५

निशिगंधताई, माझे सगळे आयुष्य परिव्यय लेखापालनात गेले आणि शेवटची नऊ वर्षे पत्नीच्या स्मृतिभ्रंशात गेली, त्यामुळे तुमचा प्रश्न मला दोन्ही बाजूंनी ठाऊक आहे.

आजाराचा खर्च मोजणारे अर्थशास्त्रज्ञ घरच्यांच्या वेळेला दोन प्रकारांनी भाव लावतात. पहिल्या प्रकारात, हेच काम बाहेरच्या माणसाकडून करून घेतले असते तर काय द्यावे लागले असते, ते धरतात. दुसऱ्या प्रकारात, शुश्रूषा करणारी व्यक्ती तेवढ्या वेळात काय कमावू शकली असती, ते धरतात. एकाच घरात या दोन रीतींनी येणारे आकडे फार वेगळे असतात. तुम्ही नोकरी सोडलीत, म्हणून दुसऱ्या रीतीने तुमचा पगार मोजला जाईल. माझ्यासारखा निवृत्त नवरा दिवसभर पत्नीमागे उभा राहिला तर दुसऱ्या रीतीने त्याचे मोल जवळजवळ काहीच येत नाही, आणि गृहिणीचेही तेच होते. म्हणून माझा सल्ला असा की रुपयांचा आकडा संशोधकांना काढू द्यावा, आपण तास मात्र खरे आणि पूर्ण लिहावेत. प्रत्यक्ष अंगमेहनतीचे तास वेगळे, आणि घर सोडता येत नाही म्हणून नुसते हजर राहण्याचे तास वेगळे लिहावेत. रात्री तीनदा उठणे हे निश्चितपणे कामाच्या तासांत धरावे.

आणखी एक गोष्ट सांगतो, कारण ती कळली तेव्हा मी बराच वेळ विचार करीत राहिलो. भारतातील मज्जासंस्थेच्या विकारांवरचा मोठा राज्यवार अभ्यास २०२१ साली 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ' या वैद्यकीय नियतकालिकात आला. देशाच्या एकूण रोगभारात मज्जासंस्थेच्या असंसर्गजन्य विकारांचा वाटा १९९० साली ४ टक्के होता, तो २०१९ साली ८.२ टक्के झाला, असे त्यात दिसते. हा भार अकाली मृत्यूमुळे गमावलेली वर्षे आणि अपंगत्वात काढलेली वर्षे यांची बेरीज करून मोजतात. त्यात आजारी माणसाची वर्षे येतात, त्याच्या उशाशी बसलेल्याची येत नाहीत. तुमच्या हातातल्या प्रश्नावलीचे चौथे पान म्हणूनच मला इतके महत्त्वाचे वाटते.

शनिपार | सोमवार, सकाळी ७.१०

मला हे पटत नाही, हे नम्रपणे नोंदवतो. आईने आपले दुखणे-खुपणे काढले, त्याचे तिने कधी तास मांडले नाहीत. मुलांनी तिच्या सेवेचा दर ठरवावा, ही कल्पनाच मला सहन होत नाही. अशा आकड्यांनी उद्या घराघरांत 'तू किती केलेस, मी किती केले' एवढेच सुरू होईल.

निशिगंध | सोमवार, सकाळी ८.०२

शनिपारदादा, तुमची भावना मी समजू शकते, कारण रकाना वाचताच मलाही क्षणभर असेच वाटले होते. मात्र हा हिशेब मी आईसमोर ठेवणार नाही. आमच्या घरात काय चालते हे ज्यांना कधीच दिसत नाही आणि तरीही ज्यांच्या निर्णयांवर ते चालते, त्यांच्यासाठी तो आहे.

बिबवेवाडीकर | सोमवार, सकाळी ११.२५

आमचे उदाहरण पक्षाघाताचे आहे. सकाळी साडेसातला चहा घेताना वडिलांच्या हातातून कप निसटला, तोंड एका बाजूला ओढले गेले आणि बोलणे घोगरे झाले. आम्हाला वाटले, पित्त झाले असावे. आधी तळपायाला तेल चोळले, मग ओळखीच्या डॉक्टरांची वेळ होईपर्यंत थांबलो, तिथे रक्तदाब पाहून गोळी मिळाली, आणि मोठ्या रुग्णालयात सीटी स्कॅन झाला तेव्हा दुपारचा एक वाजला होता. रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन लक्षणे सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, हे आम्हाला तिथे कळले. काही निवडक रुग्णांत मोठ्या रक्तवाहिनीतली गुठळी तारेने बाहेर काढतात आणि त्यासाठी नंतरही मुदत मिळू शकते, परंतु वडिलांच्या स्कॅनवर ते शक्य दिसले नाही.

त्या साडेपाच तासांचा खर्च मी गेली तीन वर्षे भरतो आहे. रुग्णालयाचे बिल विम्यातून बरेचसे भागले. त्यानंतरचा पलंग, हवेची गादी, पायाचा स्प्लिंट (आधारपट्टी), वाचोपचार, आयाबाई, यांतले काहीही विम्यात बसले नाही. चौथ्या पानावर मी आईचे रोजचे अकरा तास लिहिले असते. ती स्वतः सहासष्ट वर्षांची आहे आणि वडिलांना उचलताना तिच्या कमरेत भरलेली उसण अजून गेलेली नाही. त्या उसणीच्या उपचाराचा खर्च कोणत्या आजाराच्या नावावर टाकायचा, हेही त्या विद्यार्थिनीला जरूर विचारावे.

कर्वेनगरची_फिजिओ | सोमवार, रात्री ८.५०

बिबवेवाडीकर, तुमच्या आईंना उचलण्याची योग्य पद्धत कोणी शिकवली नाही, याचे मला फार वाईट वाटते. कमरेतून वाकून काखेत हात घालून ओढायचे नसते. रुग्णाला आधी पलंगाच्या कडेला बसवून, त्याची पावले जमिनीवर टेकवून, आपले गुडघे वाकवून, कमरेला बांधलेल्या पट्ट्याला धरून उभे करायचे असते. हे शिकवायला वीस मिनिटे लागतात, आणि घरी सोडण्याच्या दिवशी ती वीस मिनिटे बहुतेक ठिकाणी मिळत नाहीत.

तुमच्या प्रतिसादावरून एका भारतीय संशोधनाची आठवण झाली. पक्षाघातानंतर घरच्याच माणसाला प्रशिक्षण देऊन त्याच्याकडून पुनर्वसन करून घेता येईल का, हे तपासण्यासाठी देशातल्या १४ रुग्णालयांत १,२५० रुग्णांवर 'अटेंड' नावाची चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष २०१७ साली 'लॅन्सेट'मध्ये आले. फिजिओथेरपिस्ट कमी, कुटुंबे मोठी आणि मायाळू, तेव्हा हा स्वस्त मार्ग आपल्याकडे चालेल, अशी सर्वांची अपेक्षा होती. सहा महिन्यांनी मृत्यू किंवा परावलंबित्व यांचे प्रमाण प्रशिक्षण मिळालेल्या गटात ४७ टक्के होते आणि नेहमीची काळजी मिळालेल्या गटातही ४७ टक्केच होते.

वेताळटेकडी | सोमवार, रात्री ९.१५

म्हणजे घरी करून घेतलेले व्यायाम निरुपयोगी, असा याचा अर्थ घ्यायचा का? आम्ही वडिलांकडून वर्षभर रोज करून घेतले होते.

कर्वेनगरची_फिजिओ | सोमवार, रात्री ९.४०

नाही, असा अर्थ कृपया घेऊ नये. त्या चाचणीत थोड्या दिवसांच्या प्रशिक्षणावर भर होता आणि मोजमाप सहा महिन्यांनी एका ठोकळ पट्टीवर झाले. तुमच्या वडिलांचा खांदा आखडला नसेल, पाठीला जखम झाली नसेल, ते दोनदा अंगणात बसू शकले असतील, तर यातले काही त्या पट्टीवर उमटत नाही. मात्र त्या निष्कर्षातून मी एक गोष्ट पक्की शिकले. घरच्या माणसाला चार दिवस शिकवून तज्ज्ञांच्या जागी उभे करता येत नाही. आम्ही शिकवायलाच हवे, पण 'घरचे करतील' असे म्हणून पुनर्वसनाची सोय उभारणे टाळले, तर त्याला संशोधनाचा आधार नाही. शनिपारदादा, घरच्यांचे तास मोजायला हवेत ते याचसाठी. जे फुकट समजले जाते, त्यावर आणखी ओझे टाकायला कोणालाच संकोच वाटत नाही.

धायरी_फाटा | मंगळवार, सकाळी ६.५५

जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता, किरकटवाडी, नांदेड गाव, धायरी या भागांत गियाँ बारे सिंड्रोमची साथ आली, तेव्हा आमचा भाचा त्यात सापडला. दोनशेहून अधिक संशयित रुग्णांची नोंद झाली होती. आधी जुलाब झाले, ते बरेही झाले, आणि आठवड्याभराने त्याला जिना चढता येईना. तिसऱ्या दिवशी त्याला चमचा धरता येत नव्हता. अनेक रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर हा जंतू सापडला होता. त्या जंतूशी लढायला निघालेली प्रतिकारशक्ती चुकून आपल्याच नसांवर हल्ला करते, असे डॉक्टरांनी आम्हाला कागदावर चित्र काढून समजावले.

खर्चाबद्दल लिहितो. इम्युनोग्लोब्युलिन हे इंजेक्शन वजनाप्रमाणे देतात. किलोमागे दोन ग्रॅम, पाच दिवसांत विभागून. भाच्याचे वजन साठ किलो, म्हणजे १२० ग्रॅम, म्हणजे पाच ग्रॅमच्या चोवीस बाटल्या. नुसत्या त्या बाटल्यांचे बिल चार लाखांवर गेले. हजारो रक्तदात्यांच्या प्लाझ्मातून (रक्तातल्या द्रवभागातून) ते औषध बनते, म्हणून त्याची किंमत तशी असते. प्लाझ्मा बदलण्याचा उपचारही तितकाच उपयोगी पडतो, हे १९९२ सालच्या डच चाचणीपासून माहीत आहे, आणि तो बहुधा स्वस्तही पडतो, परंतु आमच्या रुग्णालयात त्या आठवड्यात ते यंत्र मोकळे नव्हते.

दहा दिवसांनीही हात हलेना, तेव्हा घरातल्या वडीलधाऱ्यांनी दुसरा कोर्स द्या म्हणून आग्रह धरला. गावाकडचे दहा गुंठे विकायचे ठरले होते, घेणाऱ्याशी फोनवर बोलणेही झाले होते. डॉक्टरीणबाईंनी आम्हाला बसवून सांगितले की गंभीर रुग्णांना दुसरा कोर्स देऊन पाहणारी चाचणी नेदरलँड्समध्ये झाली आहे, तिचे निष्कर्ष २०२१ साली आले, आणि त्यात फायदा दिसला नाही, उलट गंभीर दुष्परिणाम वाढले. त्यांनी दुसरा कोर्स दिला नाही. भाचा पाचव्या महिन्यात काठी घेऊन चालू लागला आणि जमीन आहे तिथेच आहे. ज्यांनी ती चाचणी केली त्यांना धायरी कुठे आहे हे कधी कळणार नाही, पण आमच्या घरात त्यांची आठवण निघते.

अनामिका_हडपसर | मंगळवार, दुपारी २.१०

माझ्या मुलीला नवव्या वर्षापासून अपस्माराचा (फिट्सचा) आजार आहे. धायरी_फाटा यांच्या अगदी उलट आमची गोष्ट आहे. आमचे औषध स्वस्त आहे. जगात सुमारे पाच कोटी लोकांना अपस्मार आहे आणि योग्य निदान व उपचार मिळाले तर त्यांपैकी ७० टक्क्यांपर्यंत लोक झटक्यांशिवाय जगू शकतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. गोळी गावोगावी मिळते, तरी ती थांबते. आमच्या नात्यातल्या एका मुलीची गोळी लग्न ठरताना 'सासरी दिसायला नको' म्हणून बंद केली, आणि मांडव परतण्याआधी तिला झटका आला. कांदा हुंगवणे, चप्पल नाकाशी धरणे हे सगळे तिथे झाले. अपस्मार हे विवाह रद्द करण्याचे कारण हिंदू विवाह कायद्यातून १९९९ सालीच काढून टाकले आहे, तरी लोकांच्या मनातून ते गेलेले नाही. आम्ही लपवले नाही म्हणून दोन स्थळे गेली. याचा रकाना कोणत्याही प्रश्नावलीत नसतो.

मुक्काम_वारजे | मंगळवार, सायंकाळी ६.३०

थोडा वेगळा प्रश्न विचारतो. माझ्या काकांना पार्किन्सन्स आहे. एका ठिकाणी मूळपेशींचा (स्टेम सेलचा) उपचार 'चाचणी' म्हणून सुरू आहे आणि त्यासाठी साडेचार लाख रुपये भरावे लागतील, असे आम्हाला सांगण्यात आले आहे. कोणाला अनुभव आहे का? काका फार आशेवर आहेत.

कर्वेनगरची_फिजिओ | मंगळवार, सायंकाळी ७.०५

कृपया पैसे भरू नका. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या ठरावीक आजारांसारख्या मान्य उपयोगांखेरीज मूळपेशी केवळ मंजूर चाचणीतच वापरता येतात, आणि तशा चाचणीत सहभागी होणाऱ्याकडून त्या उपचाराचे पैसे घ्यायचे नसतात. तुम्ही तीन गोष्टी मागा : चाचणीचा नोंदणी क्रमांक, नीतिमत्ता समितीच्या मंजुरीचे पत्र आणि मराठीतले संमतिपत्र. देशातल्या चाचण्यांची नोंदणी सार्वजनिक संकेतस्थळावर असते, क्रमांक घालून कोणालाही पाहता येते. चाचणीमुळे इजा झाली तर मोफत उपचार आणि नुकसानभरपाई यांची तरतूद २०१९ च्या नियमांत आहे.

काकांच्या आशेबद्दलही लिहायला हवे. मेंदूत विद्युतअग्रे (इलेक्ट्रोड) बसवण्याची शस्त्रक्रिया आज मान्य आहे. तिचा खर्च मोठा आहे आणि ती प्रत्येकाला लागू पडत नाही. गोळीने अजूनही चांगला गुण येतो पण मधल्या वेळेत चढउतार फार होतात, अशा रुग्णांना तिचा सर्वाधिक उपयोग होतो. विचारायचेच असेल तर न्यूरोलॉजिस्टना त्याबद्दल विचारा. पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळही आहे, काकांना तिथे एकदा अवश्य घेऊन जा.

लेखापाल_७१ | मंगळवार, रात्री १०.१५

प्रश्नावली भरताना पावत्या हाताशी आल्याच असतील, तर थोडे पैसे परत मिळवण्याबद्दल लिहितो. आयकर कायद्याखाली (१९६१ च्या जुन्या कायद्यात कलम ८०डीडीबी) पार्किन्सन्स, स्मृतिभ्रंश, मोटर न्यूरॉन डिसीज यांसारख्या मज्जासंस्थेच्या आजारांच्या उपचारखर्चाची वजावट मिळते. रुग्णाचे अपंगत्व ४० टक्के किंवा अधिक असावे लागते आणि न्यूरोलॉजिस्टचे लेखी पत्र लागते. मर्यादा ४०,००० रुपयांची आहे, रुग्ण ज्येष्ठ नागरिक असल्यास एक लाखाची. ही सवलत जुन्या करप्रणालीतच मिळते, हे ध्यानात ठेवावे. अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात पार्किन्सन्स आणि मल्टिपल स्क्लेरोसिस यांचा समावेश आहे, त्यामुळे अपंगत्वाचे प्रमाणपत्र मागण्याचा निशिगंधताईंच्या आईंना पूर्ण अधिकार आहे. ससून रुग्णालयात त्यासाठी गेलात तर सकाळी लवकर जा, सोबत पाण्याची बाटली आणि आईंच्या दुपारच्या गोळ्या घ्या. आम्हाला तिथे एकाऐवजी दोन चकरा पडल्या होत्या.

सत्तरी ओलांडलेल्यांना आयुष्मान योजनेत ऑक्टोबर २०२४ पासून उत्पन्नाची अट न लावता वर्षाला पाच लाखांपर्यंतचे संरक्षण आहे. ते रुग्णालयात दाखल झाल्यावर उपयोगी पडते. घरी रोज लागणाऱ्या गोळ्या, आया, फिजिओथेरपी यांसाठी ते नाही, आणि आपल्या सर्वांचा खर्च नेमका तिथेच होतो.

मुक्काम_वारजे | बुधवार, सकाळी ९.००

फिजिओताई, काल रात्रीच त्यांच्याकडे नोंदणी क्रमांक मागितला. 'पैसे भरल्यावर देऊ' असे उत्तर आले. आम्ही जाणार नाही. काकांना कसे सांगायचे, ते आज ठरवतो.

शनिपार | बुधवार, दुपारी १२.४०

सगळे प्रतिसाद पुन्हा वाचले. सेवेचा दर ठरवण्याला माझा विरोध अजूनही आहे. पण तास लिहायला हवेत, हे मला पटले. माझ्या आईचे शेवटचे दीड वर्ष माझ्या धाकट्या बहिणीने काढले. तिने त्या काळात परीक्षेचा फॉर्म भरला नाही आणि नंतर तिचे वय निघून गेले. काल तिला फोन करून विचारले, तर ती म्हणाली, 'आज कसे आठवले?'

निशिगंध | बुधवार, रात्री ११.०५

सर्वांचे मनापासून आभार. आज चौथे पान भरले. लेखापालकाकांच्या सांगण्याप्रमाणे दोन ओळी केल्या : प्रत्यक्ष कामाचे साडेसहा तास, नुसते हजर राहण्याचे नऊ. रुपयांच्या जागी मी सोडलेल्या नोकरीचा तेव्हाचा पगार लिहिला आणि मावशींचा दरही लिहिला, कोणता घ्यायचा ते त्यांनी ठरवावे. बाबांचे दोन तास लिहिले, तेव्हा ते म्हणाले की दूध आणणे आणि औषधांच्या दुकानात जाणे यात कसले तास.

आई शेजारीच बसली होती. तिने पान मागून घेतले आणि चष्मा लावून वाचले. मग म्हणाली, 'यात माझा वेळ कुठे आहे? सकाळी गोळी लागेपर्यंत मी पाऊण तास नुसती छताकडे बघत पडलेली असते. दुपारी पुन्हा. संध्याकाळी पुन्हा. तो कोणाच्या नावावर?' मी चारही पाने उलटून पाहिली. रुग्णाच्या स्वतःच्या वेळेसाठी कुठेही जागा नव्हती. तिने पेन घेतले आणि पानाच्या खालच्या समासात लिहायला सुरुवात केली. तिचे अक्षर हल्ली ओळीच्या शेवटी मोहरीएवढे होत जाते, त्यामुळे पहिले तीन शब्द मला वाचता आले आणि पुढचे तिला विचारून मी वर पुन्हा लिहिले : 'माझे रोजचे सव्वादोन तास वाट पाहण्यात जातात.'

समासात लिहिलेले त्यांना चालेल का, एवढीच आता शंका आहे.

कर्वेनगरची_फिजिओ | बुधवार, रात्री ११.२०

चालेल. प्रश्नावली परत देताना तिला ते बोट ठेवून दाखवा, नाहीतर आकडे संगणकात भरताना समास राहून जातो. आणि आईंचे मूळ अक्षर खोडू नका.